मुलांच्या जलरंगांत नेमके काय असते? स्वस्त रंगपेटी, तिच्यातील रंगद्रव्ये आणि आरोग्य

मुलाने रंगाचा ब्रश तोंडात घातला, जीभ निळी झाली, आता काय करायचे? लहान मुलांच्या पालकांकडून हा प्रश्न वारंवार येतो. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न असतो: स्वस्त रंगांमध्ये शिसे असते म्हणतात, ते खरे का?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जूनमध्ये वह्या-पुस्तकांबरोबर रंगपेटीही घरात येते. पुढे शासकीय रेखाकला परीक्षेसाठी, म्हणजे आपण ज्यांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट म्हणतो त्या परीक्षांसाठी, मुले रोज तास-दोन तास रंगांत हात बुडवून बसतात. त्यामुळे या रंगांत काय असते हे पालकांना माहीत असायला हवे.

थोडक्यात सांगायचे तर

- नावाजलेल्या कंपनीच्या विद्यार्थी दर्जाच्या जलरंगाचा थोडा अंश पोटात गेल्याने सहसा विषबाधा होत नाही.
- रंगाची किंमत किंवा नाव यांवरून तो सुरक्षित आहे की नाही हे कळत नाही. त्यातील रंगद्रव्य कोणते, यावरून कळते.
- ओल्या रंगापेक्षा कोरडी पूड आणि फवारा जास्त धोकादायक, कारण ते श्वासावाटे आत जातात.
- लेबल नसलेला, सुटा विकला जाणारा रंग मुलांच्या हाती देऊ नये.

जलरंग कशाचा बनतो?

जलरंगात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक रंगद्रव्य, म्हणजे पिगमेंट, आणि दुसरा त्याला कागदावर धरून ठेवणारा डिंक. हा डिंक बहुधा बाभळीच्या कुळातील झाडांचा असतो. तोच गोळ्या-औषधांत आणि मिठायांतही वापरतात. रंग सुकून तडकू नये म्हणून ग्लिसरीन, बुरशी येऊ नये म्हणून अत्यल्प प्रमाणात टिकाऊपणाचे रसायन आणि उरलेले पाणी.

स्वस्त रंग आणि महाग रंग यांत फरक असतो तो रंगद्रव्याच्या प्रमाणाचा. स्वस्त रंगात रंगद्रव्य कमी आणि खडूची भुकटी, डेक्स्ट्रिन, बेरियम सल्फेट यांसारखी भर जास्त. म्हणून तो कागदावर थोडा फिका, दुधट दिसतो. आरोग्याच्या दृष्टीने मात्र यात एक गंमत आहे. खरे कॅडमियम, खरे कोबाल्ट ही महागडी रंगद्रव्ये असतात. ती व्यावसायिक चित्रकारांच्या महाग ट्यूबमध्ये सापडतात. विद्यार्थ्यांच्या पेटीत त्यांच्या जागी स्वस्त आणि कमी घातक पर्याय घातलेले असतात. त्यामुळे मुलासाठी महागातले महाग रंग आणले म्हणजे ते जास्त सुरक्षित, असे समजू नका.

रंगद्रव्य वेगळे, डाय वेगळा

डोंबिवलीकरांना डाय हा शब्द नवा नाही. एमआयडीसीत डाय आणि त्याची रसायने बनवणारे कारखाने आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथला एक रस्ता गुलाबी झाल्याचे फोटो सगळीकडे फिरले होते.

डाय पाण्यात विरघळतो. साखर विरघळते तसा तो पाण्याशी एकजीव होतो, कापडात आणि त्वचेत शिरतो. रंगद्रव्य विरघळत नाही. गढूळ पाण्यात मातीचे कण तरंगतात तसे त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात.

शरीराच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. जे विरघळत नाही ते आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाही आणि शौचावाटे बाहेर पडते. याची दोन चांगली उदाहरणे आमच्या दवाखान्यातच आहेत.

बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात. पण बेरियम सल्फेट विरघळत नाही, म्हणून अन्ननलिकेचा आणि जठराचा एक्स-रे काढताना रुग्णाला तेच प्यायला देतात. स्वस्त रंगांत भर म्हणून घातले जाते तेही हेच.

दुसरे उदाहरण प्रशियन ब्लूचे. या गडद निळ्या रंगात सायनाइडचे अंश लोखंडाशी घट्ट बांधलेले असतात. नाव ऐकून घाबरायला होईल, पण औषधी दर्जाचा प्रशियन ब्लू थॅलियम किंवा किरणोत्सारी सीझियम पोटात गेल्यावर उपचार म्हणून देतात. ते विष तो आतड्यातच धरून ठेवतो. अर्थात रंगपेटीतला प्रशियन ब्लू हे औषध नव्हे.

तेव्हा एखाद्या रंगात कोणता धातू आहे एवढे पाहून भागत नाही. तो शरीरात किती सुटा होतो आणि कोणत्या वाटेने आत जातो, हेही पाहावे लागते.

नाव नको, क्रमांक वाचा

गॅम्बोज, व्हर्मिलियन, क्रोम यलो, क्रिम्सन लेक. १९३१ मध्ये सुरू झालेल्या कॅमलिनसारख्या मराठी माणसाने उभारलेल्या कंपनीच्या पेट्यांमुळे ही नावे आपल्याकडे घराघरांत पाठ झाली. ही नावे जुन्या काळच्या रंगद्रव्यांची आहेत. व्हर्मिलियन म्हणजे मुळात हिंगूळ, पाऱ्याचे संयुग. क्रोम यलो म्हणजे शिशाचे क्रोमेट. गॅम्बोज हा कोकमाच्या कुळातील एका झाडाचा पिवळा चीक, आणि तो जबरदस्त रेचक आहे.

आजच्या विद्यार्थी पेट्यांत नाव तेच राहिले असले तरी आतला पदार्थ बहुधा बदललेला असतो. नावापुढे ‘ह्यू’ असे छापलेले असेल तर त्याचा अर्थ ‘त्या छटेसारखा दिसणारा दुसरा रंग’ असा होतो. ‘कॅडमियम यलो ह्यू’ म्हणजे कॅडमियम नसलेला पिवळा.

खात्री हवी असेल तर ट्यूबवर बारीक अक्षरांत छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक पाहा. तो जगभर एकच असतो. पहिले अक्षर ‘पी’, म्हणजे पिगमेंट. पुढचे अक्षर रंगाचे: ‘बी’ निळा, ‘आर’ लाल, ‘वाय’ पिवळा, ‘जी’ हिरवा, ‘डब्ल्यू’ पांढरा, ‘बीआर’ तपकिरी, ‘बीके’ काळा. त्यानंतर आकडा. अनेक स्वस्त पेट्यांवर हा क्रमांक छापलेला नसतो. सुटी ट्यूब घेताना मात्र तो असलेलीच घ्यावी.

पेटीतल्या नेहमीच्या रंगांची ओळख

*अल्ट्रामरीन, पीबी २९.* कपड्यांना घालायच्या पुडीच्या निळीत पारंपरिकरीत्या हेच रंगद्रव्य असते. विषारी नाही. कागदावर त्याचे कण दाणेदार उतरतात.

*थॅलो निळा आणि हिरवा, पीबी १५ आणि पीजी ७.* यांत तांबे असते, पण रेणूत घट्ट जखडलेले. पोटात गेले तरी फारसे सुटे होत नाही. रंग फार जोरकस. नखांत आणि गणवेशावर डाग पडला तर लवकर जात नाही. डाग म्हणजे विषबाधा नव्हे.

*यलो ओकर, बर्न्ट सिएना, इंडियन रेड. पीवाय ४२, पीवाय ४३, पीबीआर ७, पीआर १०१.* पिवळी माती, गेरू, काव यांच्या घरातली ही मंडळी, म्हणजे लोखंडाची ऑक्साइडे. अतिशय टिकाऊ, स्वस्त आणि ओल्या रूपात निर्धोक. अंबर या तपकिरी मातीत मँगनीज असते. ती ओली वापरायला हरकत नाही, कोरडी पूड श्वासात जाऊ देऊ नये.

*चायनीज व्हाइट, पीडब्ल्यू ४.* झिंक ऑक्साइड. घामोळ्यांवर लावायच्या कॅलामाइन लोशनमध्येही हेच असते.

*टायटॅनियम व्हाइट, पीडब्ल्यू ६.* बऱ्याच गोळ्यांच्या पांढऱ्या आवरणात असते. कोरडी पूड मात्र फुप्फुसांसाठी बरी नव्हे.

*लेमन यलो, पीवाय ३.* शिसे नसलेले सेंद्रिय रंगद्रव्य. मुलांच्या पेटीत पिवळ्यासाठी हे किंवा याच्या जवळचे रंगद्रव्य असावे.

*क्रिम्सन.* यात पीआर ८३ असेल तर उन्हाने आणि काळाने रंग उडतो. तो चित्राचा प्रश्न आहे, तब्येतीचा नाही.

*चमकदार गुलाबी आणि फ्लुरोसंट रंग.* यांत बहुधा डाय असतो. काहींत रोडामाइन बी असते. हा डाय भारतात खाद्यपदार्थांत घालण्यास परवानगी नाही. २०२४ मध्ये तमिळनाडू आणि कर्नाटकाने त्याच्यामुळेच गुलाबी ‘बुढ्ढी के बाल’वर कारवाई केली होती. कागदावर वापरायला हरकत नाही, पण हा रंग गालावर, ओठांवर किंवा खाण्याच्या वस्तूवर लावू नये. पाच वर्षांखालच्या मुलांच्या पेटीत तो नसलेलाच बरा.

कोणत्या रंगद्रव्यांपासून मुलांना दूर ठेवावे?

- पीडब्ल्यू १: शिशाचा पांढरा
- पीवाय ३४ आणि पीआर १०४: शिशाचे क्रोमेट असलेले पिवळा, नारिंगी, लाल
- पीवाय ३५, पीओ २०, पीआर १०८: कॅडमियम
- पीवाय ३६: झिंक क्रोमेट
- पीआर १०६: पारा असलेले हिंगूळ
- पीवाय ३९: हरताळ, म्हणजे आर्सेनिक

यांतील शिसे सर्वांत महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही. गिळलेल्या शिशापैकी लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार ते पाच पट शिसे शोषले जाऊ शकते. ते हाडांत साठते, रक्त कमी करते आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. शरीरात लोह कमी असेल तर शिसे आणखी जास्त शोषले जाते. आपल्याकडे मुलांमध्ये रक्तक्षय सर्रास आढळतो, म्हणून ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

तरीही एक प्रमाण लक्षात ठेवा. मुलाच्या रक्तात शिसे जास्त आढळले तर सर्वांत आधी संशय रंगपेटीवर जात नाही. जुन्या इमारतीतील खिडक्यांच्या ग्रिलवरचे आणि दारांवरचे ऑइलपेंटचे पोपडे, भेसळीची हळद, सुरमा, शिशाचे शेंदूर, बॅटरी किंवा भंगाराच्या कामाची घरात येणारी धूळ हे जास्त सापडणारे स्रोत आहेत. घराच्या आणि सजावटीच्या रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर जुन्या चाळींत आणि इमारतींत अजून आहेत. घराचे रंगकाम काढाल तेव्हा जुने ग्रिल घासताना लहान मुले आणि गरोदर स्त्री यांना त्या खोलीत ठेवू नका. धूळ कोरड्या झाडूने न लोटता ओल्या फडक्याने पुसून घ्या.

पूड आणि फवारा: इथे सावध राहा

जलरंगाची ट्यूब डिंकात भिजलेली असते. ती हवेत उडत नाही. पण तेच रंगद्रव्य पुडीच्या रूपात आले की गोष्ट बदलते. बारीक कण थेट फुप्फुसात जातात. कॅडमियमची संयुगे तर श्वासावाटे गेल्यास कर्करोगकारक मानली जातात, आणि मूत्रपिंडांनाही इजा करतात.

गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने अनेक घरांत आणि छोट्या मूर्तिशाळांत हे काम चालते. पूड कालवणे, सुकलेली मूर्ती पॉलिशपेपरने घासणे, कॉम्प्रेसरने फवारणे, आणि शेजारीच मुले अभ्यास करत किंवा झोपलेली. तुमच्या घरी असे काम होत असेल तर पुढील गोष्टी पाळा.

1. पूड कालवताना आणि फवारताना एन-९५ मास्क लावा. रुमालाने हे कण अडत नाहीत.
2. काम हवेशीर जागी करा. स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत नको.
3. कामाच्या जागी खाणे, चहा, तंबाखू, विडी टाळा. हातावरचा रंग त्याच वाटेने पोटात जातो.
4. काम संपल्यावर आंघोळ करून, कपडे बदलून मगच लहान मुलाला जवळ घ्या. कामाचे कपडे वेगळे धुवा.
5. घरी स्वतः रंग बनवण्याचा छंद असेल तर मुलांसोबत फक्त हळद, गेरू, बिटाचा रस यांसारख्या ओळखीच्या गोष्टी घ्या. ऑनलाइन मिळणारी पिगमेंट पूड नको.

रंगपेटी घेताना लेबलवर काय पाहावे?

निर्मात्याचे नाव आणि पत्ता, बॅच क्रमांक आणि कोणत्या वयासाठी आहे ही सूचना हवीच. ‘आयएस ९८७३’ हे आपले खेळण्यांचे मानक. त्याच्या भाग ३ मध्ये शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक, क्रोमियम, बेरियम, अँटिमनी आणि सेलेनियम हे आठ घटक किती सुटे होतात हे तपासतात. ‘ईएन ७१’ हे त्याच धर्तीचे युरोपीय मानक. यांपैकी एखादा उल्लेख असणे चांगले लक्षण आहे.

‘एएसटीएम डी ४२३६’ या उल्लेखाचा मात्र बऱ्याचदा गैरसमज होतो. दीर्घकालीन धोक्यांचा विचार करून लेबल लिहिले आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा ट्यूबवर धोक्याची सूचनाही असू शकते, ती वाचा. नुसते ‘नॉन-टॉक्सिक’ असे छापलेले असून दुसरी काहीच माहिती नसेल तर त्यावर विसंबू नका.

तीन वर्षांखालच्या मुलांना ट्यूब आणि छोट्या वड्या देऊ नयेत. त्यांच्या बाबतीत विषापेक्षा टोपण किंवा वडी घशात अडकण्याचा धोका मोठा आहे.

मुलाने रंग गिळला तर

1. तोंडातला रंग ओल्या कापडाने पुसा, चूळ भरायला लावा, घोटभर पाणी द्या.
2. उलटी करवू नका. मिठाचे पाणी तर अजिबात पाजू नका. त्याने रक्तातील सोडियम वाढून जिवावर बेतू शकते.
3. ट्यूब किंवा पेटी जवळ ठेवा. किती रंग कमी झाला आहे याचा अंदाज घ्या.
4. ब्रश चाटला, वडीला जीभ लावली, ब्रश धुतलेल्या पाण्याचा घोट घेतला, एवढेच असेल आणि मूल खेळत असेल तर घरी लक्ष ठेवणे पुरेसे. एक-दोन दिवस शौच हिरवे, निळे किंवा लाल होऊ शकते. लाल रंग गिळला असेल तर शौचातली लाली रक्ताची समजून घाबरू नका. पण दोन दिवसांनंतरही ती राहिली तर दाखवा.

पुढील परिस्थितीत लगेच रुग्णालय गाठा: मूल खोकते आहे, श्वास घ्यायला त्रास होतो आहे, सारख्या उलट्या होत आहेत, सुस्त झाले आहे, अख्खी ट्यूब पोटात गेली आहे, रंगाला लेबल नाही, किंवा वर दिलेल्या यादीतील रंगद्रव्य आहे. कल्याणला रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीला शास्त्रीनगर रुग्णालय, ठाण्याला कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही सार्वजनिक रुग्णालये आहेत. रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११६ ११७.

रंगांच्या कपाटात टर्पेंटाइन किंवा थिनर असेल तर तो जलरंगापेक्षा कितीतरी जास्त घातक आहे. तो गिळताना फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. पाण्याच्या जुन्या बाटलीत थिनर कधीही भरून ठेवू नका. मुलाने तो प्यायला असल्यास लक्षणांची वाट न पाहता निघा, आणि उलटी करवू नका.

त्वचा, डोळे, दमा आणि पावसाळा

डोळ्यात रंग गेला तर वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ मिनिटे डोळा धुवा. चोळू नका. लाली किंवा दुखणे राहिले तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. काही मुलांना रंगातील टिकाऊपणाच्या रसायनाची ॲलर्जी असते. बोटांच्या बेचक्यांत खाज आणि पुरळ उठतात. अशा वेळी ब्रशच वापरावा, बोटांनी रंगवू नये.

आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात रंगांच्या वड्यांवर बुरशी धरते. काम झाल्यावर पेटी उघडी ठेवून वड्या सुकू द्या. बुरशी आलेली वडी फेकून द्या, विशेषतः मुलाला दमा असेल तर. ब्रश धुण्याचे पाणी रोज ओतून टाका, आणि त्यासाठी पिण्याचा पेला कधीही वापरू नका. घरात स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा असतील आणि वेळ जावा म्हणून रंगवत असतील, तर ही सूचना त्यांच्यासाठीही आहे. टेबलावरचा रंगीत पाण्याचा पेला सरबत समजून पिण्याची शक्यता खरी आहे.

रक्तातील शिशाची तपासणी कधी करावी?

प्रत्येक रंगवणाऱ्या मुलाला तिची गरज नाही. पण मूल माती, खडू, भिंतीचे पोपडे खात असेल. घरात पुडीच्या रंगांचे, बॅटरीचे किंवा भंगाराचे काम असेल. किंवा कारण न सापडणारी पोटदुखी, बद्धकोष्ठता, चिडचिड, अभ्यासात मागे पडणे, औषध देऊनही न भरून येणारा रक्तक्षय असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. शिशाची बाधा बऱ्याचदा काहीही लक्षण न दाखवता होते, म्हणून वरीलपैकी स्रोत घरात असेल तर लक्षणांची वाट पाहू नये. तपासणी साध्या रक्तनमुन्यावर होते. पातळी वाढलेली आढळल्यास पहिला उपचार म्हणजे तो स्रोत शोधून दूर करणे. लोह आणि कॅल्शियम भरून काढणे त्याच्या जोडीला येते. शिसे बाहेर काढणारी औषधे पातळी बरीच जास्त असेल तरच आणि रुग्णालयाच्या देखरेखीखाली देतात.

मुलाला रंगवू द्या. लेबल पाहून साधी पेटी घ्या, ब्रश चाटून टोक काढण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडा, आणि खाण्याआधी साबणाने हात धुवायला लावा. एवढे पाळले तर स्वस्त जलरंग हा घरातल्या बऱ्याच वस्तूंपेक्षा कमी काळजीचा आहे.